शहरासाठी जाहीर व्याख्यान: आयोजकांसाठी तयारीची यादी

विद्यापीठाच्या शहरात सामाजिक प्रश्नावर जाहीर व्याख्यान आयोजित करणे वरवर सोपे असते. अभ्यासक वक्ते जवळच राहतात, सभागृहे उपलब्ध असतात आणि विद्यार्थ्यांमुळे खुर्च्याही भरतात. परंतु याच सोयीमुळे एक मोठी उणीव झाकली जाते: ज्या प्रश्नावर बोलायचे तो ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, ती माणसे सभागृहात आली आहेत की नाहीत, हे कोणी पाहतच नाही. पुढील यादी या उणिवेवर लक्ष ठेवून केली असून, कामाला सुमारे तीन महिने आधी सुरुवात होईल असे गृहीत धरले आहे.

पहिले काम विषय नेमका करण्याचे. ‘गरिबी’, ‘शिक्षण’, ‘स्थलांतर’ अशा एका शब्दावर व्याख्यान ठेवले की वक्ता आपल्या सवयीचे भाषण करतो आणि श्रोता आपल्या सवयीचे ऐकतो. त्याऐवजी विषय एका प्रश्नाच्या रूपात लिहून काढावा. उदाहरणार्थ, ‘विद्यापीठाच्या परिसरात भाडी वाढल्यावर तेथील जुनी भाडेकरू कुटुंबे कोठे जातात?’ असा. हा मसुदा त्या प्रश्नाशी थेट संबंध असलेल्या दोन-तीन व्यक्तींना वाचून दाखवावा आणि ‘हाच प्रश्न आहे का?’ असे विचारावे. अनेकदा त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न शेजारचाच निघतो: भाडे देता येते, पण अनामत रक्कम जमत नाही, किंवा शाळा आहे, पण मुलीला तेथपर्यंत सोडायला कोणी नाही. अशी दुरुस्ती या टप्प्यावर झाली तर पुढची सगळी तयारी बदलते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

विषय ठरताच आणखी एक गोष्ट तपासावी, जी विद्यापीठाच्या शहरात हमखास दुर्लक्षित राहते. विद्यापीठ हे शहरातले केवळ ज्ञानाचे केंद्र नसते. ते मोठे नियोक्ता असते, पुष्कळदा मोठे जमीनमालक असते आणि घरांच्या मागणीवर त्याचा थेट परिणाम होत असतो. त्यामुळे घरभाडे, कंत्राटी सफाई कामगारांचे वेतन, तात्पुरत्या नेमणुकांवरील अध्यापक किंवा जमिनीचा वापर असा विषय असेल, तर विद्यापीठ त्या प्रश्नातला एक पक्ष ठरते. अशा वेळी व्याख्यान विद्यापीठाच्या सभागृहात, विद्यापीठाच्याच पदाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली घेणे योग्य नाही. पदाधिकाऱ्यांना निमंत्रण अवश्य द्यावे, त्यांची बाजू मांडायला वेळही द्यावा. मात्र सभेचे नियंत्रण त्या विषयात हितसंबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावे. खर्च कोण देत आहे, हे निमंत्रणपत्रिकेवर स्पष्ट छापावे.

तारीख ठरवताना दोन दिनदर्शिका शेजारी ठेवाव्यात. पहिली शैक्षणिक: परीक्षा, प्रवेश, सुट्ट्या. दुसरी शहराची: कामाच्या पाळ्या, बाजाराचा दिवस, सण, शेवटच्या बसची वेळ. बहुतेक आयोजक फक्त पहिली पाहतात. विद्यापीठाला सुट्टी असली की श्रोते मिळणार नाहीत, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यातच भरत आली आहे आणि ती नागरिकांची व्याख्यानमाला म्हणूनच ओळखली जाते. श्रोता नागरिक असेल, तर सुट्टीचा काळ उलट सोयीचा ठरू शकतो. व्याख्यान सुरू होण्याच्या वेळेइतकीच संपण्याची वेळही जाहीर करावी. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या व्यक्तीला यायचे की नाही, हे संपण्याच्या वेळेवरूनच ठरवावे लागते.

जागा पाहायला प्रत्यक्ष जावे आणि श्रोता ज्या वाटेने येणार त्याच वाटेने जावे. प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागितले जाते का, नोंदवहीत नाव लिहावे लागते का, सभागृहाचा फलक रस्त्यावरून दिसतो का, हे पाहावे. विद्यापीठाशी संबंध नसलेला माणूस पहाऱ्यापाशी एकदा अडवला गेला की तो वाद घालत बसत नाही, परत फिरतो. शक्य असेल तर सार्वजनिक ग्रंथालय, शाळा किंवा वस्तीतले समाजमंदिर निवडावे. उताराच्या मार्गाचा चढ एकास बारा या प्रमाणापेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी असावी; आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांची जागा शेवटच्या रांगेमागे न ठेवता इतरांसोबत, सोबतीला आलेल्या माणसाशेजारी ठेवावी. व्यासपीठावरही तसाच उतार हवा, कारण वक्तादेखील चाकाची खुर्ची वापरणारा असू शकतो. स्वच्छतागृह कुलूपबंद नाही ना, हे त्याच भेटीत पाहून घ्यावे.

आता वक्त्याविषयी. या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. निमंत्रण पाठवतानाच श्रोते कोण असतील, बोलण्यासाठी किती मिनिटे आहेत, प्रश्नोत्तरे किती वेळ चालतील, मानधन आणि प्रवासखर्च किती, ध्वनिचित्रमुद्रण होणार का, हे सर्व लेखी कळवावे. दीड तासाच्या कार्यक्रमात वक्त्याला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे पुरतात आणि उरलेला वेळ श्रोत्यांचा असतो, हे आधीच मान्य करून घेतले नाही, तर कापला जातो तो नेहमी श्रोत्यांचाच वेळ. व्याख्यानाच्या दोन-तीन आठवडे आधी वक्त्याकडून एका पानाची रूपरेषा मागवावी. केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या प्रयत्नांतून १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या श्रोत्यांसाठी व्याख्याने सुरू केली, तेव्हा श्रोत्यांच्या हाती छापील रूपरेषा देणे आणि व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग घेणे हा त्या पद्धतीचा भागच होता. हाती कागद असलेला श्रोता मध्येच काही निसटले तरी पुन्हा धागा पकडू शकतो, आणि घरी गेल्यावर दुसऱ्यालाही सांगू शकतो.

त्या रूपरेषेतील प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तो कोणत्या वर्षाचा आहे, कोणत्या प्रदेशाचा आहे आणि त्यात कोणाला मोजले आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बेरोजगारीचा दर हा एकूण लोकसंख्येवर काढलेला नसतो; काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या एकत्रित संख्येत काम न मिळालेल्यांचे प्रमाण किती, ते तो सांगतो. शोधून थकलेला, शोधणेच सोडून दिलेला माणूस त्या आकड्यातून बाहेर पडतो, त्यामुळे दर घटला म्हणजे रोजगार वाढला असे दर वेळी होत नाही. बेघरांची एका रात्रीत केलेली मोजणी आणि वर्षभरात कधी ना कधी बेघर झालेल्यांची संख्या यांतही मोठे अंतर असते. वक्त्याला हे माहीत असते, परंतु बोलण्याच्या ओघात तो ते सांगेलच असे नाही. आयोजकाने आधी आठवण करून दिली तर त्यात कोणाचाही अपमान नाही. देशाची सरासरी सांगितली जात असेल, तर त्याच शहराची आकडेवारी उपलब्ध आहे का, हेही विचारावे.

प्रश्नाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीला व्यासपीठावर बोलावायचे असेल, तर तिला अभ्यासक वक्त्याइतकेच मानधन आणि तितकाच मान द्यावा. तिच्याकडून केवळ दुःखाची कहाणी काढून घ्यायची आणि उपाय मात्र तज्ज्ञाला विचारायचे, ही वाटणी अन्याय्य आहे. उपायांविषयी तिचे मतही तितक्याच गांभीर्याने विचारावे. काय सांगायचे, कोठे थांबायचे, कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, हे तिने ठरवावे आणि सूत्रसंचालकाला ते आधी माहीत असावे. छायाचित्र व ध्वनिचित्रमुद्रणासाठी दिलेली संमती कार्यक्रमानंतरही मागे घेता येईल, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. हिंसा, छळ किंवा आत्महत्या यांचा उल्लेख होणार असेल, तर श्रोत्यांना सुरुवातीला कल्पना द्यावी आणि बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा ठेवावा.

भाषेचा विचार वक्त्यावर सोपवून चालत नाही. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात १५९७ पासून लोकांसाठी विनामूल्य व्याख्याने होत आली आहेत, आणि आरंभीच्या काळात ती विद्वानांच्या लॅटिनबरोबरच शहरवासीयांच्या इंग्रजीतही दिली जात. विद्यापीठाच्या शहराला ही दुहेरी जबाबदारी आजही चुकलेली नाही. वक्त्याच्या रूपरेषेतील पारिभाषिक शब्द बाजूला काढून प्रत्येकासाठी साधे वाक्य त्याच्याकडूनच करून घ्यावे. ऐकू न येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे बोलवावेत आणि व्याख्यान तासाभराचे किंवा त्याहून मोठे असेल तर दोघे बोलवावेत, कारण हे काम अतिशय थकवणारे असल्याने ते साधारण वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने करावे लागते. रूपरेषा आणि विशेषनामे त्यांना किमान आठवडाभर आधी द्यावीत. ते उभे राहतील तेथे पुरेसा प्रकाश हवा. पडद्यावर चित्रे दाखवताना दिवे मालवले की दुभाषा दिसेनासा होतो.

प्रसिद्धीचे काम तुलनेने सरळ आहे. विद्यार्थ्यांपर्यंत बातमी आपोआप पोहोचते, तेव्हा श्रम इतरत्र खर्च करावेत: दवाखाने, ग्रंथालये, कामगार संघटना, बसथांबे आणि मुख्यतः ज्यांच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात अशा स्थानिक व्यक्ती.

प्रश्नोत्तरांची तयारी मात्र भाषणाइतकीच काटेकोर हवी. सूत्रसंचालक विषय जाणणारा असावा, पण स्वतः भाषण करण्याची ओढ नसलेला असावा. अगोदर कोणाला बोलू द्यायचे, याचा विचार त्याने आधीच केलेला असावा. दहा देशांतील ३५ संस्थांमधल्या २४७ विद्यापीठीय चर्चासत्रांची निरीक्षणे घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की त्यानंतर स्त्रियांकडून येणारे प्रश्न कमी होतात, असे त्यात आढळले. सार्वजनिक सभेत हे अंतर फक्त स्त्री-पुरुषांपुरते राहत नाही. प्राध्यापकाने पाच मिनिटांचा संदर्भसंपन्न प्रश्न विचारल्यावर मागच्या रांगेतील गृहिणी किंवा रिक्षाचालक हात खाली घेतो. म्हणून पहिले दोन-तीन प्रश्न विद्यापीठाबाहेरच्या श्रोत्यांसाठी राखून ठेवावेत आणि हे सुरुवातीलाच जाहीर करावे. ज्यांना उभे राहून बोलायचे नाही त्यांच्यासाठी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली प्रत्येक रांगेत ठेवाव्यात. लिहिता न येणाऱ्याचा प्रश्न स्वयंसेवकाने त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. प्रश्नकर्त्यासाठीचा माइक स्वयंसेवकाने स्वतःच्या हातात धरावा, म्हणजे प्रश्नाचे भाषण होऊ लागल्यास नम्रपणे आवरता येते.

विरोधाचीही तयारी असावी. सामाजिक प्रश्नावर मतभेद होणारच, आणि सभ्यपणे व्यक्त केलेला तीव्र विरोध हा सभेचा भाग मानावा. घोषणा सुरू झाल्या तर किती वेळ थांबायचे, बोलण्याची संधी कशी द्यायची, सभा स्थगित करण्याचा निर्णय कोणी एकट्याने घ्यायचा, हे आधी लिहून ठेवावे. आवश्यक परवानग्या आणि सभागृहाच्या कराराची प्रत जवळ असावी.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन तास आधी पोहोचून ध्वनियंत्रणा शेवटच्या रांगेत बसून ऐकावी. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि माणसे भरल्यावर तो शोषला जातो, म्हणून चाचणीच्या वेळी केलेली जुळणी अंतिम समजू नये. यंत्रणा सांभाळणारा माणूस शेवटपर्यंत जागेवर असावा. दुसरा माइक आणि ताजे सेल हाताशी ठेवावेत. स्वागत, परिचय आणि आभार मिळून दहा मिनिटांपेक्षा अधिक घेऊ नयेत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८२६ मध्ये सुरू केलेल्या शुक्रवारच्या सायंव्याख्यानांत वक्ता परिचयाशिवाय थेट विषयालाच हात घालतो आणि तासाभरात थांबतो, असा शिरस्ता आहे. तितके कडक होणे जमले नाही, तरी वक्त्याची माहिती रूपरेषेच्या मागील बाजूस छापता येते.

व्याख्यानानंतरची कामे त्याच दिवशी वाटून द्यावीत, कारण दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. दुभाषे, वक्ते आणि सफाई करणारे यांचे पैसे त्याच आठवड्यात चुकते करावेत. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्यांवरील प्रश्न वक्त्याकडे पाठवून दोन आठवड्यांत लेखी उत्तरे मिळवावीत, आणि ती जिथे प्रसिद्धीचे कागद लावले होते त्याच ठिकाणी, दवाखान्यात आणि ग्रंथालयात, लावावीत. ध्वनिचित्रमुद्रणाबरोबर लिखित संहिताही उपलब्ध करावी. किती लोक आले याच्या नोंदीशेजारी, विद्यापीठाबाहेरचे किती आले आणि त्यांपैकी कितींनी प्रश्न विचारले, हे अंदाजाने का होईना लिहून ठेवावे. पुढच्या व्याख्यानाचा विषय याच चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून, त्या लिहिणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना बैठकीला बोलावून ठरवावा.