मदतनिधीच्या संगीत रजनीत छायाचित्रण: या चुका टाळा

पुण्यातील एका मैदानावर मदतनिधीसाठी झालेल्या मोठ्या संगीत रजनीची छायाचित्रे मी काढली होती, त्याला आता बरीच वर्षे झाली. कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयातून एका ताईंचा फोन आला. गायकांचे फोटो फार छान आले आहेत, असे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘दादा, चेक देतानाचा असा एक तरी फोटो आहे का, ज्यात आमच्या अध्यक्षबाईंचा चेहरा दिसतो?’ माझ्याकडे गायक-वादकांची चौदाशे छायाचित्रे होती आणि धनादेशाची तीन. त्यांपैकी दोहोंत बाईंचा चेहरा मागच्या पांढऱ्याफेक एलईडी वॉलपुढे काळा पडला होता, आणि तिसऱ्यात धनादेशाच्या चकचकीत लॅमिनेशनवर समोरचा दिवा असा उमटला होता की रकमेचे आकडेच पुसले गेले होते.

या कामातील बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण मैफल टिपायला आलो आहोत असे छायाचित्रकार धरून चालतो आणि ती मैफल कशासाठी आहे हे विसरतो. संस्थेला छायाचित्रे लागतात ती वार्षिक अहवालासाठी, देणगीदारांच्या आभारपत्रासाठी आणि पुढच्या वर्षी प्रायोजकाकडे जाताना दाखवण्यासाठी. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पं. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातील निर्वासितांसाठी एका दिवसात दोन मैफली केल्या. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या मूळ मुखपृष्ठावर एकाही कलाकाराचे छायाचित्र नव्हते. तिथे होते रिकाम्या ताटामागे बसलेले एक उपाशी मूल. मुंबईत १९ नोव्हेंबर २०१६ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर झालेल्या ग्लोबल सिटिझन महोत्सवाची बहुतेक तिकिटे तर विकत घ्यायची नव्हती, ती सामाजिक कामात भाग घेऊन मिळवायची होती. अशा ठिकाणी प्रेक्षागार हाच अर्धा विषय असतो. म्हणून काम स्वीकारतानाच संस्थेला एक प्रश्न विचारावा: नंतर तुम्हाला हमखास लागतील अशी दहा छायाचित्रे कोणती? ती यादी कागदावर खिशात असावी, कारण रात्री साडेनऊला डोके चालत नाही.

साडेनऊ ही वेळ मुद्दाम लिहिली आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागतात आणि राज्य शासनाने मोजक्या दिवसांसाठी दिलेली मध्यरात्रीपर्यंतची सवलत आपल्या कार्यक्रमाला लागू असेलच असे नाही. सुरुवात उशिरा होते, मधली भाषणे लांबतात आणि शेवटी धनादेश, सत्कार, आभार व राष्ट्रगीत हे सारे शेवटच्या दहा मिनिटांत कोंबले जाते. कार्यक्रमपत्रिकेवर नऊ वाजता लिहिलेला धनादेश नऊ बावन्नला येतो आणि छायाचित्रकार त्या वेळी मैदानाच्या मागच्या टोकाला गर्दीचा दृश्यपट टिपत असतो. गर्दीतून मंचापर्यंत परत यायला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. यावर उपाय एकच: मागून घ्यायची दृश्ये मैदान भरल्याबरोबर, मावळतीचा थोडा उजेड असतानाच उरकावीत आणि शेवटचा पाऊण तास मंचापासून हलू नये.

धनादेशाच्या छायाचित्राची तयारी दुपारी करावी लागते. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या माणसाला गाठून त्याला दोन गोष्टी सांगाव्यात: धनादेशाच्या वेळी मागची एलईडी वॉल अंधुक किंवा गडद रंगाची ठेवावी आणि समोरचे साधे पांढरे दिवे पूर्ण लावावेत. ही माणसे एरवी कोणी विचारत नसल्यामुळे आनंदाने मदत करतात. चहा पाजला तर अधिकच. धनादेश धरणाऱ्यांना त्याची वरची कड किंचित पुढे झुकवायला सांगावे, म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब खाली जमिनीकडे जाते. मंचावर पंधरा मान्यवर उभे राहिले की रुंद भिंगाने जवळून फोटो घेण्याचा मोह होतो, पण त्यात कडेची माणसे ताणली जातात, आणि कडेला बहुधा संस्थेचे कार्यकर्तेच उभे असतात. चार पावले मागे जावे.

आता प्रत्यक्ष मैफलीकडे वळू. मंचासमोरच्या कठड्याच्या आतली जागा, जिला सगळे पिट म्हणतात, ती सर्वांत उत्तम असा समज आहे. उभ्याने गाणाऱ्या बँडसाठी तो बराचसा खरा आहे. मात्र आपल्याकडच्या मदतनिधीच्या कार्यक्रमांत पुष्कळदा गायक बैठकीवर बसलेले असतात, मंच पाच-सहा फूट उंच असतो आणि कडेला मॉनिटर स्पीकर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, मांडलेले असतात. त्या जागेतून वर पाहिले तर गवयाचे गुडघे, हार्मोनियमची पाठ आणि फुलांची सजावट एवढेच दिसते. बैठकीच्या मैफलीसाठी ध्वनी-नियंत्रणाचा जो चौथरा मैदानाच्या मध्यावर असतो, तिथे आधी परवानगी घेऊन ७०-२०० मिमी किंवा त्याहून लांब पल्ल्याचे भिंग लावून उभे राहावे. ध्वनिक्षेपक चेहऱ्यावर येतो ही तक्रार तर रोजचीच आहे. गायक ज्या हातात माइक धरतो त्याच्या विरुद्ध बाजूला सरकले की ती बहुतांशी मिटते.

चित्रावर आडवे काळे पट्टे येणे, ही सर्वाधिक विचारली जाणारी अडचण आहे. एलईडी दिवे मंद करताना ते प्रत्यक्षात अतिशय वेगाने चालू-बंद केले जातात. डोळ्यांना ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात नोंदल्या जातात. अशा वेळी यांत्रिक शटर वापरावे, वेग १/१२५ किंवा १/१०० सेकंदापर्यंत उतरवून पाहावा आणि कॅमेऱ्यात शटरचा वेग बारीक बदलण्याची सोय असेल तर पट्टे विरेपर्यंत तो फिरवावा. विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्यावर थेट चालणारे जुने दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे त्यांच्यासाठी १/१०० किंवा १/५० हा वेग जुळतो. एक अडचण मात्र उरतेच. यांत्रिक शटरचा आवाज होतो, आणि संथ आलापीत तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. मी आलाप चालू असताना कॅमेरा खाली ठेवतो आणि तबला सुरू झाला की समेच्या आसपास शटर दाबतो: समेवर हात उठतात, मान डोलते, चेहरा उजळतो, आणि खटका दादेच्या गजरात विरून जातो.

दुसरी तांत्रिक चूक निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाची आहे. चेहऱ्यावर निव्वळ निळा दिवा असेल तर चित्रातील निळ्या रंगाची नोंद, म्हणजे निळी वाहिनी, केव्हाच मर्यादेपलीकडे जाऊन जळते, तरी उजेडाचे प्रमाण दाखवणारा कॅमेऱ्यातील साधा आलेख (हिस्टोग्राम) सारे ठीक असल्याचे दाखवतो. त्यासाठी तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम चालू ठेवावेत, उद्भासन (एक्स्पोजर) कमी करावे आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काम करावे. एवढे करूनही त्वचेचा रंग परत येत नाही, कारण त्या प्रकाशात तांबडा अंश मुळातच नव्हता. असे चित्र कृष्णधवल करणे हाच शहाणपणाचा मार्ग. फॉलो स्पॉटमध्ये, म्हणजे कलाकाराच्या मागोमाग फिरवल्या जाणाऱ्या झोतात, उभ्या कलाकारासाठी स्वयंचलित मापन अजिबात वापरू नये. भोवतीचा काळोख पाहून कॅमेरा चेहरा पांढरा करून टाकतो. भिंगाचे छिद्र एफ/२.८, शटर १/२५० सेकंद, संवेदनशीलता आयएसओ ३२०० अशी सुरुवात करून हाताने जुळवत जावे. फ्लॅश वापरू नये, हे वेगळे सांगायला नको. लेझरचा झोत थेट भिंगात आला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो, तेव्हा लेझर केव्हा आहेत हे आधीच विचारून घ्यावे. कानात बोळे घालावेत.

यापुढच्या चुका माणसांच्या आहेत आणि त्या मला अधिक गंभीर वाटतात. संस्था ज्या मुलांसाठी निधी जमवते, त्या मुलांना पुष्कळदा मंचावर आणले जाते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ने मनाई केली आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बालगृहातील मुले असतील तर पाठीमागून, हातांची, वाद्यावरच्या बोटांची छायाचित्रे घ्यावीत. ती पुष्कळदा अधिक बोलकी होतात. इतर लाभार्थींची लेखी संमती संस्थेकडे आहे का, हे विचारावे, आणि संमती दिलेल्यांना वेगळ्या रंगाचे मनगटपट्टे बांधावेत अशी सूचना आधीच करावी. करुणा उत्पन्न करण्यासाठी कोणाला रडायला लावणारा फोटो मी काढत नाही. १९७१ साली जे चालले, ते आज चालू नये. देणगीच्या टेबलापाशीही जपून वागावे. रांगेत उभा असलेला एखादा गृहस्थ गुप्तदान द्यायला आलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पानावर पाकीट पुढे करतानाचा त्याचा हसरा फोटो झळकला, तर तो पुढच्या वर्षी येत नाही.

समाजकार्य म्हणून विनामूल्य काम करताना कागदाची गरज नाही, असे समजणे ही आपल्या मंडळींची जुनी खोड आहे. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७च्या कलम १७नुसार, कोणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. तुम्ही मोबदलाच घेतला नसेल तर हा अपवाद लागू होत नाही आणि हक्क तुमच्याकडे राहतात. मग प्रायोजकाने ते छायाचित्र जाहिरातीत वापरले की वाद सुरू होतो. संस्थेने कशासाठी वापरावे, प्रायोजकाला द्यावे की नाही आणि नाव छापावे का, एवढे चार ओळींत लिहून दोघांनी सही करावी. कलाकाराच्या व्यवस्थापकाने पुढे केलेला कागदही वाचल्याशिवाय सही करू नये, कारण त्यात कधी पहिल्या तीन गाण्यांपुरतीच परवानगी असते, तर कधी सर्व हक्क सोडण्याचे कलम असते.

छायाचित्रे वेळेवर न देणे, ही शेवटची चूक. तीन आठवड्यांनी दिलेल्या पंधराशे छायाचित्रांपेक्षा त्याच रात्री दिलेली वीस संस्थेला अधिक उपयोगी पडतात. त्या विसांना नावे, हुद्दे आणि क्रम डावीकडून उजवीकडे असा लिहून द्यावा. एकदा माझ्या दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक होता. वेळेनुसार चित्रे लावली तेव्हा सत्कार आणि धनादेश एकमेकांत मिसळले आणि एका देणगीदाराच्या नावाखाली दुसऱ्याचाच चेहरा गेला. तेव्हापासून मैदानात शिरण्यापूर्वी मी दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाइलच्या घड्याळाचे, सेकंदकाटा दिसेल असे, एकेक छायाचित्र घेतो. फरक आढळलाच, तर त्या दोन चित्रांवरून संगणकात एका कॅमेऱ्याची सगळी वेळ एकदम पुढे-मागे सरकवता येते.