पीएस४ आणलाय आणि टीव्ही मिळत नाहीये? आधी मॉनिटरच्या मागे बघा

देवगडजवळ जामसंड्यात माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गणपतीत नि मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं येतात ती हमखास एकच तक्रार घेऊन: "ताई, कायच दिसणा नाय." घरात टीव्ही एक, त्याच्यासमोर मोठी माणसं. मग कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४ हे गेम खेळायचं यंत्र, जोडलेलं असतं, आणि केबल खुपसलेली असते सीपीयूच्या डब्यात.

तिथे ती चालायचीच नाही. सीपीयूच्या मागचं एचडीएमआय पोर्ट, म्हणजे चित्र-आवाजाची केबल लावायचं भोक, चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नसतं. पीएस४सुद्धा चित्र बाहेरच पाठवतो. दोघेही बोलणारे, ऐकणारं कोणीच नाही. लॅपटॉपची तीच गत. काही ऑल-इन-वन कॉम्प्युटरना 'एचडीएमआय इन' असं लिहिलेलं पोर्ट असतं, तेवढाच अपवाद. तेव्हा सीपीयू बंदच राहू द्या. आपल्याला हवाय फक्त मॉनिटर.

मॉनिटर फिरवून मागे बघा. एचडीएमआय असेल तर काम झालं: पीएस४ची केबल सरळ तिथे लावा, मॉनिटरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून एचडीएमआय निवडा. केबल चांगली असूनही चित्र लुकलुकत असेल, तर टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं न वापरलेल्या पोर्टवर हिरवट पुटं चढतात. प्लग काढून ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश किंचित ओला करून पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच करंट द्या.

पांढरं, लांबट, भरपूर भोकांचं डीव्हीआय पोर्ट असेल तर एचडीएमआय-डीव्हीआयची साधी केबल पुरते. निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए एकटंच असेल तर मात्र साधी केबल चालत नाही. तिथे आतून सिग्नल बदलणारा एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. तो घेताना दोन गोष्टी बघा: त्याला आवाजासाठी वेगळं भोक आहे ना, आणि दिशा बरोबर आहे ना. 'व्हीजीए-टू-एचडीएमआय' ही वेगळी वस्तू आहे, आणि ती चुकून घरी नेणारे पुष्कळ आहेत.

आता सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट: एचडीसीपी. चित्राची चोरून नक्कल होऊ नये म्हणून पीएस४ सिग्नलला हे कुलूप लावतो. जुने डीव्हीआय मॉनिटर आणि काही कन्व्हर्टर यांना ते उघडता येत नाही, पडदा काळाच राहतो. पीएस४मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, तिथे 'एनेबल एचडीसीपी'वरची खूण काढली की कुलूप सुटतं. मात्र ही खूण काढायलाही पडदा लागतो. म्हणून मुंबईहून निघण्याआधी घरच्या टीव्हीवरच हे करून घ्या. खूण काढल्यावर सिनेमे दाखवणारी काही अ‍ॅप्स चालत नाहीत, खेळांना अडचण येत नाही. पीएस३मध्ये ही सोयच नाही.

मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणत असेल, म्हणजे येणारं रिझोल्यूशन त्याला झेपत नसेल, तर पीएस४ पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि तिथल्या पर्यायातून रिझोल्यूशन बदला. त्या वेळीही चित्र दिसलं नाही, तर ही सेटिंग टीव्हीवरच बदलावी लागेल. १२८० बाय १०२४ च्या चौकोनी मॉनिटरवर चित्र उभं ताणलेलं दिसू शकतं. क्रिकेट खेळायला तेवढं चालतं.

बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो. पीएस४च्या कंट्रोलरलाच हेडफोनचं भोक आहे, ते वापरा. घरात आरती चालू असताना तेच बरं.

आणि आता जे मी प्रत्येकाला थांबवून सांगते ते. पीएस४ची पॉवर केबल दोन पिनांची, म्हणजे त्याला अर्थिंग नाही. मॉनिटरची बहुधा तीन पिनांची असते, पण सॉकेटला खरं अर्थिंग आहे का? सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, घरांत खाली सगळा दगडच. मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो आणि मग एचडीएमआयच्या धातूला बोट लागताच मुंग्या येतात. असं झालं तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा. एरवीही आधी एचडीएमआय जोडा, मगच दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावा. करंट चालू असताना केबल काढ-घाल केली की पोर्ट जळू शकतं.

सीपीयू बंद असल्याचा एक मोठा फायदा म्हणजे त्याचा यूपीएस मोकळा झाला. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा असतो. साधा पीएस४ खेळताना साधारण दीडशे वॅटच्या आत-बाहेर घेतो, मॉनिटर त्याहून बराच कमी. बॅटरी धड असेल तर लाइट गेल्यावर खेळ सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट येते-जाते, आणि चालू हार्डडिस्कचा करंट असा अचानक गेला तर तिच्यावरचा डेटा खराब होऊ शकतो. वळवाचे ढग गडगडायला लागले की मात्र यूपीएसवर विसंबू नका, त्याचाही प्लग भिंतीतून काढा. तांब्याची लॅन केबल असेल तर तीही.

फक्त लॅपटॉपच असेल तर नेटवर्कवरून पीएस४चं चित्र लॅपटॉपवर दाखवणारं पीएस रिमोट प्ले हे अ‍ॅप टाका. पीएस४मध्ये रिमोट प्ले चालू करा, दोन्हीकडे एकच अकाउंट ठेवा आणि पीएस४ला राउटरपासून लॅन केबल द्या. कंट्रोलर लॅपटॉपला यूएसबीने जोडा. साध्या पीएस४वर चित्र ७२०पीच्या वर जात नाही आणि बटण दाबल्याचा परिणाम किंचित उशिरा दिसतो, त्यामुळे वेगवान गोलंदाजाला खेळणं अवघड जातं, गोष्टीचे खेळ मजेत होतात. एचडीएमआयचं चित्र यूएसबीतून लॅपटॉपमध्ये घेणारं यूएसबी कॅप्चर कार्ड हा दुसरा मार्ग, पण स्वस्त कार्डात चित्र आणखी मागे पडतं. ते खेळ रेकॉर्ड करायला घ्या. नुसतं खेळायचं असेल तर त्याच पैशात कोणाचा तरी वापरलेला एचडीएमआय मॉनिटर मिळतो का बघा.