खरड छाटणीआधी मोटारीचे व्होल्ट-अँपिअर मोजून घ्या

फाल्गुन लागला की तासगाव, पलूस, वाळवा, मिरज भागात मोटारींवरचा ताण वाढतो. सुरू उसाचे पाणी, एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी, विहिरीची खाली गेलेली पातळी आणि एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच पाळीत चालू. व्होल्टेज पडते ते याच दिवसांत आणि मोटारी जळतात त्याही याच दिवसांत. मोटार वर काढून रिवायंडिंग (आतली तांब्याची वेटोळी म्हणजे वायंडिंग नव्याने गुंडाळणे) करून पुन्हा सोडेपर्यंत नवी फूट उन्हात वाट बघत थांबत नाही. म्हणून आत्ताच टाँग टेस्टर (वायर न तोडता अँपिअर मोजणारा चिमटा) असलेला वायरमन बोलवा. चालू जोडणीला स्वतः हात लावू नका.

मोटार पूर्ण पाणी फेकत असताना तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि तिन्ही वायरींचे अँपिअर घ्या. समजा ५ एचपीच्या मोटारीला ४१५ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर मिळाले. थ्री फेजमध्ये शक्ती = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) ०.८५ धरला तर साधारण ४,५८० वॅट येतात. ५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारे काम. वरचे साडेआठशे वॅट मोटारीतच उष्णता होऊन जातात. अँपिअर नेमप्लेटच्या वर दिसले, तर ही उष्णता वाढलेली आहे असे समजा.

व्होल्टेज कमी झाले की प्रवाहही कमी होईल, असा अनेकांचा समज आहे. हीटरच्या बाबतीत ते खरे, मोटारीच्या बाबतीत उलटे. पंपाचे काम तेवढेच राहते, त्यामुळे ४१५ चे ३४० व्होल्ट झाले की ८ अँपिअरचे पावणेदहाच्या आसपास होतात. वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. एक फेज गेला तर उरलेल्या दोन वायरींतला प्रवाह सुमारे पावणेदोनपट आणि उष्णता तिप्पट. ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढला की मोटार बंद करणारे साधन) नेमप्लेटच्या अँपिअरवर लावा आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारे साधन) कधीही बायपास करू नका. ‘रिले सारखा पडतो’ म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे म्हणजे मोटार जाळायला परवानगी देणे आहे. (स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीच्या फेजमध्ये जोडलेला असेल तर आकडा नेमप्लेटच्या ५८ टक्के धरतात, हे वायरमनकडून तपासून घ्या.)

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा: लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी), फ्यूज आणि केबलचा सांधा. इथे ओहमचा नियम थेट कामाला येतो. मोटार चालू असताना वायरमनने मल्टिमीटरचे एक टोक सांध्याच्या अलीकडे, दुसरे पलीकडे धरावे. चांगल्या सांध्यावर वाचन जवळपास शून्य येते. समजा ४ व्होल्ट आले आणि वायरीत ८ अँपिअर आहेत. रोध = ४ ÷ ८ = ०.५ ओहम. शक्ती = ४ × ८ = ३२ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग गनइतकी उष्णता एका नखाएवढ्या जागेत, तीही पाळीचे आठ तास. काळवंडलेला लग, वितळलेले इन्सुलेशन, हिरवट पडलेले तांबे दिसले की मेन बंद करून सांधा कापा आणि नवा लग दाबून बसवा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही.

कृष्णा-येरळाकाठच्या मोटारींना केबल लांब असते. २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम. ३०० मीटरला २.४ ओहम. ८ अँपिअरला मोटारीपर्यंत जाताना सुमारे २८ व्होल्ट (१.७३२ × ८ × २.४ × ०.८५) गळतात आणि तिन्ही वायरींत मिळून ४६० वॅट केबलच खाते. तेच ६ चौरस मिमीची केबल घातली तर गळती १२ व्होल्टवर येते. ७.५ एचपीपर्यंत बळीराजा योजनेत वीज मोफत असल्याने हे वॅट बिलात दिसत नाहीत, पण ते २८ व्होल्ट मोटारीला कमी पडतात आणि त्याची किंमत वायंडिंग मोजते. माझ्या मते रिवायंडिंगवर दुसऱ्यांदा खर्च करण्याआधी जाड केबलचा खर्च करावा.

एक गल्लत टाळा. चालू मोटारीचे ४१५ भागिले ८ केले की ५२ ओहम येतात. तो वायंडिंगचा रोध नव्हे. फिरणारी मोटार आतून उलट दाब तयार करते, म्हणून भागाकार मोठा दिसतो. वायंडिंग तपासायचे तर मेन बंद करून, वायरी स्टार्टरमधून सोडवून, तीन जोड्यांमध्ये ओहम मोजा. आकडा मोटारीगणिक वेगळा, पण तिन्ही वाचने सारखी हवीत. जमिनीशी इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) बघा.

तिन्ही अँपिअरमध्ये फरक दिसला, तर दोष कुणाचा? मेन बंद करून मोटारीच्या तिन्ही वायरी स्टार्टरवर एकेक घर पुढे सरकवा. फक्त दोनच बदलल्या तर मोटार उलटी फिरेल. पुन्हा मोजा. जास्त प्रवाह त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात, मग वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. वायरीबरोबर सरकला तर दोष केबलमध्ये किंवा मोटारीत.

सौर पंपाच्या पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर एवढेच वॅट, पॉवर फॅक्टर लागत नाही. मात्र ती जोडणी भर उन्हात कधीही सोडू नका, ठिणगी विझत नाही.

सगळी वाचने तारखेसह स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा आणि मे महिन्यात पुन्हा मोजा.