ईकेएसवर पॉड अडकला? आधी या चुका तपासा

पॉड (ॲपचे कंटेनर चालवणारं सर्वांत लहान एकक) अडकला की नोड (पॉड चालवणारे सर्व्हर) वाढवायचे, ही सवय आधी मोडा. ईकेएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरच्या कुबरनेटीस सेवेवर, याच सवयीने आग आणखी भडकते.

ईकेएसच्या नेहमीच्या सीएनआयमध्ये (पॉडला नेटवर्क जोडणारा प्लगइन) प्रत्येक पॉडला थेट व्हीपीसीतला (क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क) आयपी लागतो. एम५.लार्ज या आकाराच्या नोडला ३ ईएनआय (नेटवर्क कार्डं), प्रत्येकावर १० आयपी. त्यातला एकेक ईएनआयचा स्वतःचा, म्हणून उरले २७. होस्ट नेटवर्कवरचे (नोडचाच आयपी वापरणारे) २ धरून २९ पॉड. सीपीयू कितीही रिकामा असो, तिसावा बसत नाही. शिवाय सीएनआय एक अख्खा ईएनआय राखीव ठेवतो, म्हणजे चार पॉडचा नोडही २० आयपी अडवतो. /२४ सबनेटमध्ये (व्हीपीसीचा एक तुकडा) २५६ आयपींपैकी ५ एडब्ल्यूएसचे, हाती २५१. बारा नोडांतच २४० संपले!

आता सेलची रात्र डोळ्यांसमोर आणा. ट्रॅफिक चढला, पॉड 'कंटेनरक्रिएटिंग'वर थांबले, इव्हेंटमध्ये 'फेल्ड टु असाइन ॲन आयपी ॲड्रेस' आलं. ते न वाचता कुणीतरी नोड ग्रुपचा आकडा वाढवतो. नवे नोड येताच उरलेसुरले आयपीही गिळतात. तात्पुरता उतारा म्हणून सीएनआयचं 'वॉर्म आयपी टार्गेट' (नोडने मोकळे राखायचे आयपी) २-३ वर आणा, राखीव साठा सुटतो. प्रीफिक्स डेलिगेशन (आयपी एकेक न घेता गठ्ठ्याने घेणं) उत्तम, पण त्याला १६ आयपींचे सलग तुकडे लागतात; विस्कटलेल्या सबनेटमध्ये ते मिळत नाहीत. शिवाय नोडवरचा 'मॅक्स पॉड्स'चा आकडा वाढवला नाही, तर नोड जुन्याच मर्यादेवर अडतो. सबनेटचा आकार नंतर बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी /२४ पेक्षा मोठा /२० घ्या. 'आत्ता /२४ पुरेल' म्हणणारे सहा महिन्यांनी सगळं नव्याने बांधतात.

दुसरी चूक डिस्कची. ईबीएस (एडब्ल्यूएसची डिस्क) एकाच झोनचा (एका भागातल्या डेटासेंटरांचा गट) असतो. डिस्क मुंबईच्या १ए मध्ये आणि जागा फक्त १बी मध्ये, की 'व्हॉल्यूम नोड ॲफिनिटी कॉन्फ्लिक्ट'. स्टोरेजक्लासमध्ये (डिस्क कशी बनवायची ते सांगणारी व्याख्या) 'वेटफॉरफर्स्टकन्झ्युमर' (पॉडची जागा ठरल्यावरच डिस्क बनवा) हवंच, पण त्याने फक्त पहिली वेळ निभते. पुढे नोड बदलला की तेच. डेटाबेससाठी झोनवार वेगळे नोड ग्रुप ठेवा. आणि घाईत पीव्हीसी (पॉडची डिस्कची मागणी) उडवून नवा करू नका; रिक्लेम पॉलिसी (मागणी काढल्यावर डिस्कचं काय करायचं) 'डिलीट' असेल तर डेटाही गेला.

लोड बॅलन्सर (बाहेरून येणारा ट्रॅफिक वाटणारा) बनत नसेल तर सबनेटवरचे टॅग पाहा. प्रत्येक सर्व्हिसला वेगळा बॅलन्सर देऊ नका, इन्ग्रेस (एकाच बॅलन्सरमधून अनेक सर्व्हिसकडे वाट देणारे नियम) वापरा.

क्लस्टर मोडताना आधी सर्व्हिस आणि इन्ग्रेस काढा, मग टेराफॉर्म (क्लाउडची बांधणी आणि मोडणी कोडने करणारं साधन) चालवा. क्लस्टरने बनवलेला बॅलन्सर टेराफॉर्मला ठाऊकच नसतो. मग व्हीपीसी 'डिपेन्डन्सी व्हायोलेशन'वर अडून बसतो आणि बॅलन्सरचं बिल चालूच राहतं.