मृदाशास्त्रात एम.एस्सी. करायचंय? आधी रब्बीची तारीख बघा

सोलापूर जिल्ह्यातल्या कृषी पदवीधराने मृदाशास्त्रात किंवा कृषिविद्येत (ॲग्रोनॉमी) एम.एस्सी. करायचं ठरवलं की घरी पहिली चर्चा कॉलेजची होते. राहुरी की पुणे, कोल्हापूर की धुळे? वेळापत्रक मात्र शेत ठरवतं. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. दोन वर्षांत रब्बी दोनच. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिली हातची जाते आणि अख्खा प्रबंध उरलेल्या एकीवर येतो. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या पेरणीपासून मागे मोजत यायचं.

पदवी ७० क्रेडिटची असते. मुख्य विषय २०, गौण विषय ८, पूरक ६, सामाईक अभ्यासक्रम ५, सेमिनार १ आणि प्रबंध ३०. वर्गातले विषय पहिल्या दोन सत्रांत जेवढे संपवता येतील तेवढे संपवा. ऑक्टोबरात शेतात वापसा आलेला आणि त्याच आठवड्यात सत्र परीक्षा, ही फजिती बहुतेकांची होते.

प्रवेशाचे रस्ते दोन: राज्याची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा (पीजी सीईटी) आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) देशपातळीवरची परीक्षा. दुसरीत १२० प्रश्न १२० मिनिटांत सोडवायचे, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. इथे घोळ होतो तो विषयगट निवडताना. मृदाशास्त्र ‘भौतिक विज्ञान’ गटात येतं, कृषी रसायनशास्त्र आणि कृषी हवामानशास्त्राच्या जोडीला. अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदास ‘वनस्पती विज्ञान’ गटात, कृषिविद्येचा गट स्वतंत्र. ‘माती आणि पिकं, म्हणजे वनस्पती विज्ञानच’ असं समजून गट भरला तर मृदाशास्त्राची जागा मिळत नाही. वनस्पतीशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. केलेल्यांनी फी भरण्याआधी पात्रतेचं पान ओळ न् ओळ वाचावं; कृषी विद्यापीठं साधारणपणे कृषीची पदवी मागतात.

विषय निवडताना सोलापूरकराला एक फायदा आहे, प्रश्न घराच्या बांधावरच असतात. बेसाल्टपासून बनलेली काळी, चुनखडीयुक्त जमीन, सामू (पीएच) ८ च्या वर, सेंद्रिय कर्ब कमी, जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही. उजनीच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या भागात क्षारांचा प्रश्न. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, मोहोळचं नाव रब्बी ज्वारीच्या मालदांडी ३५-१ या वाणाशी जोडलेलं आहे, आणि सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन स्वातंत्र्याच्याही आधीपासून चालत आलंय. जुनी आकडेवारी आणि माहीतगार माणसं जवळ मिळतात. डाळिंब मोहात पाडतं, पण जपून. भगवा हा वाण फुलापासून काढणीपर्यंत जवळपास सहा महिने घेतो, आणि एकाच वयाची, एकसारखी छाटलेली, मर रोग नसलेली झाडं पुरेशी मिळणं अवघड असतं. दोन वर्षांच्या पदवीला हंगामी पीक सोयीचं.

आता प्रयोगाचा आराखडा. यादृच्छिक गट रचनेत शेताचे सारखे गट पाडतात आणि प्रत्येक गटात सगळे उपचार, म्हणजे तपासायच्या मात्रा किंवा पद्धती, चिठ्ठ्या टाकून मांडतात; असा प्रत्येक गट म्हणजे एक पुनरावृत्ती. तिथे त्रुटीची स्वातंत्र्य मात्रा (प्रयोगातली चूक अजमावायला उरणाऱ्या स्वतंत्र तुलनांची संख्या) किमान १२ असावी असा नियम पाळतात. ८ उपचार आणि ३ पुनरावृत्ती घेतल्या तर (८−१)×(३−१) म्हणजे १४, चालतं. ६ उपचार आणि ३ पुनरावृत्तींत ती १० वर येते; तिथे पुनरावृत्ती ४ करा, १५ होते. सल्लागार समितीसमोर जाण्याआधी हा गुणाकार स्वतः करून बघा.

ज्वारीचं अंतर ४५ × १५ सें.मी. धरलं तर ३.६ × ४.५ मीटरच्या वाफ्यात ८ ओळी बसतात. दोन्ही कडांची एकेक ओळ आणि टोकांची दोन-दोन ताटं सोडून उरतो तो नेट प्लॉट, उत्पादन फक्त त्याचंच मोजायचं. खत मात्र पूर्ण वाफ्याच्या क्षेत्रावर. वाफा १६.२ चौरस मीटरचा. हेक्टरी ५० किलो नत्र द्यायचं तर ८१ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे १७६ ग्रॅम युरिया. हिशोब नेट प्लॉटवर केला की मात्रा कमी पडते आणि तो घोळ पार निष्कर्षापर्यंत जातो. पुड्या आदल्या दिवशी वजन करून, वाफ्याचा नंबर लिहून बांधून ठेवा. शेतात वाऱ्यात तोलकाट्यावर वजन होत नाही. आणि हुरड्याच्या दिवसांत राखण ठेवा. रस्त्यालगतच्या प्रयोगातली कणसं जातात ती नेमकी नेट प्लॉटमधली!

मातीचा नमुना पेरणीआधी, खत टाकण्याआधी घ्यायचा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. भेगेत टिकाव घातला की वरची माती खाली घसरते आणि खालच्या थराचा नमुना बिघडतो, म्हणून भेगेपासून बाजूला खणा. सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर गॅल्वनाइज्ड पत्र्याची घमेली आणि अवजारं टाळा, जस्ताचा मुलामा नमुन्यात उतरतो. स्टेनलेस स्टीलचं किंवा प्लास्टिकचं वापरा. चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत) अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा. लाकडी मोगरीने ढेकळं फोडून २ मि.मी. चाळणीतून काढा, सेंद्रिय कर्बासाठी त्यातला थोडा ०.५ मि.मी. चा वेगळा.

प्रयोगशाळेत वेळ जातो तो परत परत चुकणाऱ्या दोन-तीन चाचण्यांत. सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक पद्धत: १ ग्रॅम माती, १० मि.ली. १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, २० मि.ली. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि ३० मिनिटं थांबणं. आम्ल घालताच द्रावण हिरवं झालं तर डायक्रोमेट संपलं असं समजा, माती अर्धी घेऊन पुन्हा करा. आमच्या जमिनीत हे क्वचित घडतं, पण शेणखताच्या उपचारांत घडू शकतं. फॉस्फरससाठी ओल्सनची पद्धत: २.५ ग्रॅम माती, ५० मि.ली. सोडियम बायकार्बोनेट, सामू नेमका ८.५, अर्धा तास हलवणं. द्रावण उघडं राहिलं की सामू चढतो आणि आकडे हलतात, म्हणून ताजं करा. द्रावणाचा रंग घालवायला वापरतात त्या कोळशातही फॉस्फरस असू शकतो, तेव्हा प्रत्येक बॅचला कोरी चाचणी (माती न घालता केलेली) लावाच. जस्त-लोहासाठी डीटीपीए हे धातू विरघळवून घेणारं द्रावण: १० ग्रॅम मातीला २० मि.ली., सामू ७.३, बरोबर दोन तास. घड्याळ लावून. एका बॅचला पावणेदोन आणि दुसरीला अडीच तास झाले तर त्यांची तुलनाच करता येत नाही.

पीक फेब्रुवारीत निघतं. दाणा, कडबा आणि माती असे तिन्ही नमुने ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या जस्त-लोह मोजणाऱ्या यंत्राच्या रांगेत लागतात आणि त्या यंत्रासमोर सगळा विभाग उभा असतो. तारीख जानेवारीतच सांगून ठेवा. सामग्री-पद्धती आणि संदर्भ आढावा ही प्रकरणं पीक उभं असतानाच लिहून टाकली की मार्चनंतर फक्त तक्ते आणि चर्चा उरते.

चाळलेले नमुने मात्र पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या आत घालून, तोंडी परीक्षा होईपर्यंत कपाटात ठेवा. एखादा आकडा शंकास्पद वाटला तर परीक्षक ‘पुन्हा काढा’ म्हणू शकतो, आणि तेव्हा त्या शेतात पुढचं पीक उभं असतं.