हा उंचवटा साखळीचा की इलेक्ट्रोडचा? ब्लॉक कोपॉलिमरचं डायइलेक्ट्रिक मापन

डायइलेक्ट्रिक मापनात पॉलिमरला वेगवेगळ्या वारंवारतेचा बदलता विद्युतदाब देऊन त्यातले द्विध्रुव (धन-ऋण भारांच्या जोड्या) किती चटकन वळतात ते बघतात. नव्याने शिकणाऱ्याला मी पहिला नमुना पॉलिस्टायरीन-पॉलिआयसोप्रीन डायब्लॉकचाच देते, म्हणजे या दोन साखळ्या टोकाला टोक जोडलेल्या कोपॉलिमरचा. सिस-पॉलिआयसोप्रीनच्या द्विध्रुवाचा एक घटक साखळीला आडवा असतो, एक साखळीच्या दिशेने. आडव्यातून छोट्या तुकड्यांची हालचाल कळते, दुसऱ्यातून अख्ख्या साखळीची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतच्या अंतराची. पॉलिमर रसायनशास्त्रज्ञ स्टॉकमायर यांनी अशा पॉलिमरना ‘ए’ प्रकार म्हटलं. पॉलिस्टायरीनचा सिग्नल त्यामानाने दुबळा, म्हणून जे दिसतं ते बहुतेक आयसोप्रीनचंच असतं.

नमुना बसवताना मात्र अजिबात घाई करू नका. निर्वातात वाळवलेला पॉलिमर २० मिलिमीटर व्यासाच्या खालच्या इलेक्ट्रोडवर ठेवा, १०० मायक्रॉन जाडीच्या सिलिका तंतूचे तीन बारीक तुकडे त्यावर पसरा आणि निर्वातातच १३० अंश सेल्सियसपर्यंत तापवा. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मग वरचा इलेक्ट्रोड हलक्या वजनाने दाबा. वितळलेला पॉलिमर कडेने बाहेर डोकावतो तेव्हा भिंग घेऊन बघा: कडं सगळीकडे सारखं हवं. एका बाजूला ते तुटलं असेल, तर तिथे हवा अडकली आहे. काही तास तसंच राहू द्या, म्हणजे दोन्ही ब्लॉक वेगळे होऊन आपापल्या थरांत बसतात, मग सावकाश थंड करा. तापवताना हवा लागली तर आयसोप्रीनचं ऑक्सिडेशन होतं. पिवळी झाक दिसली, किंवा टोल्यूइनमध्ये न विरघळणारा चोथा उरला, तर तो नमुना टाकून द्या.

आता एक हिशोब. या मापाच्या रिकाम्या कपॅसिटरची धारिता (भार साठवण्याची क्षमता) सुमारे २८ पिकोफॅरड येते. दोन्ही पॉलिमरचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक अडीचच्या आसपास आहे, म्हणजे भरलेला कपॅसिटर ७० च्या जवळ दाखवायला हवा. ५० दाखवत असेल तर मोजणी सुरूच करू नका.

मोजणी उणे ८० अंशांपासून वर न्या. आयसोप्रीनचं काचसंक्रमण (काचेसारखा कडकपणा जाऊन मऊ पडणं) उणे ६५ च्या आसपास असतं, तिथे दोन-तीन अंशांची पायरी ठेवा, पुढे पाचची चालते. ०.०१ हर्ट्झला एकच आवर्तन १०० सेकंद घेतं, त्यामुळे तापमान स्थिरावल्याशिवाय त्या टोकाला जाण्यात अर्थ नाही. शेवटी सुरुवातीचं एखादं तापमान पुन्हा मोजा. वक्र एकमेकांवर बसले नाहीत, तर नमुना मध्येच बदलला आहे.

लॉसच्या, म्हणजे वाया जाणाऱ्या विद्युतऊर्जेच्या, वक्रात वेगवान (जास्त वारंवारतेच्या) बाजूचा उंचवटा तुकड्यांचा. आयसोप्रीनचा ब्लॉक फार आखूड नसेल तर त्याच्या लांबीने हा फारसा हलत नाही. संथ बाजूचा अख्ख्या साखळीचा, लांबीला अतिशय संवेदनशील. इथे साखळीचं एक टोक कडक पॉलिस्टायरीनला बांधलेलं असतं, म्हणून तेवढ्याच लांबीच्या मोकळ्या पॉलिआयसोप्रीनपेक्षा हा उंचवटा आणखी संथ आणि पसरट येतो. सोबत तो मोकळा नमुना मोजलाच पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार?

याहून संथ बाजूला सावध राहा. तिथे एक सुंदर उंचवटा मी तीन आठवडे साखळीचा समजून वागवला. हॅव्हरिलियाक-नेगामी समीकरण (अशा उंचवट्यांचा आकार सांगणारं नेहमीचं सूत्र) त्यावर चपखल बसत होतं. मग तोच पॉलिमर ५० मायक्रॉन जाडीत घेतला आणि उंचवटा दुप्पट वारंवारतेकडे सरकला. साखळीला इलेक्ट्रोडमधल्या अंतराशी काय देणंघेणं? तो इलेक्ट्रोडपाशी साचणाऱ्या आयनांचा होता. समीकरणात चार मोकळे आकडे असले की ते जवळपास कुठल्याही टेकाडावर बसतं, म्हणून जाडी बदलून बघितल्याशिवाय मी आता फिटिंगला हात लावत नाही.

थरांच्या सीमेवर अडकलेला भार मात्र जाडीने हलत नाही, त्यामुळे तो जास्त फसवतो. त्यासाठी त्याच आलेखात वाहकताही काढा: उंचवट्याचा वेग तापमानाबरोबर वाहकतेच्याच चालीने वाढत असेल, तर संशय सीमेवर घ्या.

हे जमलं की ट्रायब्लॉककडे वळा, म्हणजे दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन आणि मधे आयसोप्रीन असलेल्या साखळीकडे. मधल्या आयसोप्रीनची दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही आणि संथ उंचवटा जवळजवळ नाहीसा होतो. मधला भाग हलत असतो, पण दिसत नाही. संशोधक वातानाबे यांनी त्यासाठी मध्यावर द्विध्रुवाची दिशा उलटी केलेल्या साखळ्या वापरल्या, आणि मधल्या भागाची हालचाल सिग्नलमध्ये दिसू लागली.