सराफी पेढीची अत्तराची बाटली घरात आली? या चुका टाळा

लग्नसराईत आखातातला भाचा एखादी भारी बाटली आहेर म्हणून देतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "काहो, सोनं किती बसलं असंल याच्यात?" घोळ इथून सुरू होतो. पॅरिसच्या बुशरों या सराफी पेढीने १९८८ साली पहिलं अत्तर काढलं ते अंगठीच्या घाटाच्या बाटलीत. १९९४ च्या 'जयपूर'ला तर बांगडीचा घाट दिला. दिसायला दागिनाच. पण नेहमीच्या विक्रीतल्या अशा बाटल्यांवर सोन्याचा असला तर नुसता मुलामा असतो, आणि वरचा 'खडा' बहुधा काच नाहीतर प्लास्टिक.

म्हणून ती सराफाकडे नेऊन कसोटीच्या दगडावर घासायला लावू नका. मुलामा जातो तो कायमचा. टंच मशीनवर (सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवली तरी ते मशीन वरवरचाच थर वाचतं, त्या आकड्यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही. पैसे घाटाचे असतात. रेने लालिक हा पॅरिसचा नावाजलेला जवाहिऱ्या. त्याने फ्रांस्वा कोटी या अत्तरवाल्याच्या अत्तरांसाठी बाटल्या आखल्या आणि पुढे दागिने सोडून काचेतच रमला. त्याच्या जुन्या बाटल्यांना लिलावात मोठी किंमत येते, आणि त्या काचेच्याच आहेत.

चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही झाकणाला लावू नका. मऊ कोरडं फडकं पुरे.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि बाटली असते बैठकीच्या शोकेसमध्ये नाहीतर पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटात. वर टिनाचं छत असलं तर विचारूच नका. ऊन आणि उष्णतेने आधी लिंबू-संत्र्याचा वरचा वास उडतो, मग रंग गडद होतो, शेवटी आंबूस वास येतो. कूलरच्या झोतातही नको. त्या ओलाव्याने मुलाम्यावर डाग पडतात. फ्रिज सुचवणारे भेटतील, पण दिवसातून चारदा लाइन जाणाऱ्या गावात गार-गरम होत राहण्यापेक्षा जाड मातीच्या भिंतींची आतली खोली बरी. मूळ खोक्यात, खालच्या फळीवर ठेवा. फक्त ती धान्याची खोली नको. गव्हात किडीसाठी टाकतात त्या गोळ्यांचा गॅस तांबं, पितळ, चांदी काळी पाडतो (तो माणसालाही घातक, तेव्हा त्या खोलीत तसंही रेंगाळू नये).

स्प्रे अडकला तर सुई घालू नका, भोक मोठं होऊन धार लागते. वरची तोटी निघत असेल तर तेवढीच काढून कोमट पाण्यात ठेवा, पूर्ण वाळवा, परत बसवा. रिकाम्या स्प्रेच्या बाटलीत चंदनाचं घट्ट अत्तर भरण्याचा मोह अनेकांना होतो. तेलकट अत्तराने पंप तुंबतो. आणि ज्या बाटलीचा पंप मानेवर दाबून बसवलेला असतो, ती पकडीने उघडू नका, काचेची मान तडकते. आटे असतील तरच फिरवून उघडा.

काचेचं घासून बसवलेलं बूच घट्ट झालं की घरातला कुणीतरी लायटर काढतो. त्याला आधी थांबवा: आत अल्कोहोल आहे, भडका उडेल. बुचाच्या कडेने ग्लिसरीनचा एक थेंब सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मानेभोवती थोडा वेळ धरा, लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी हलक्या टिचक्या द्या, मग न ओढता फिरवा. हललं नाही तर पुन्हा ग्लिसरीन, पुन्हा रात्र. जोर लावायचाच नाही.

उघडल्यावर अत्तर आधी पांढऱ्या कागदावर लावून बघा. डाग पिवळट-तपकिरी दिसला तर ते शालूला किंवा टसरच्या उपरण्याला लावू नका.